रेंडरिंगच्या अभ्यासासाठी आरटीएक्स 4090 : दीर्घ वापरानंतरचे परीक्षण

ग्राफिक्स कार्डांची परीक्षणे बहुतेक वेळा खेळणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. कोणत्या खेळात सेकंदाला किती फ्रेम मिळाल्या, पंख्यांचा आवाज किती झाला, आधीच्या पिढीपेक्षा वेग किती टक्क्यांनी वाढला, एवढे सांगून ती थांबतात आणि त्या वाचकाला तेवढे पुरतेही. रेंडरिंगचे, म्हणजे संगणकाने दृश्याचे चित्र तयार करण्याचे, अल्गोरिदम लिहिणाऱ्याला, ते हार्डवेअरवर कसे चालतात हे मोजणाऱ्याला आणि वेळ नेमका कुठे खर्च झाला याचा शोध घेणाऱ्याला मात्र त्यातून फारसे काही हाती लागत नाही. एनव्हिडियाचे आरटीएक्स 4090 हे कार्ड ऑक्टोबर 2022 मध्ये बाजारात आले. पाथ ट्रेसिंगच्या, म्हणजे प्रकाशकिरणांच्या मार्गांचा माग काढत चित्र बनवण्याच्या, कामासाठी मी ते दीर्घकाळ वापरले आहे आणि हे परीक्षण त्याच कामाच्या दृष्टीने लिहिले आहे. माझे मत आधीच सांगतो. ज्या आकड्यांनी या कार्डाची जाहिरात होते, त्या आकड्यांत त्याचे मोठे गुण दिसत नाहीत. मोठा एल2 कॅश (चिपमधील जलद साठा) आणि विखुरलेल्या थ्रेडांची (समांतर चालणाऱ्या कामांची) हार्डवेअरने केलेली फेरमांडणी हे त्याचे दोन मोठे गुण आहेत, आणि किरणांचा शोध घेणारा त्याचा भाग अभ्यासकाला आत डोकावू देत नाही हा त्याचा सर्वांत मोठा दोष आहे.

आधी आकडे पाहू, कारण पुढची बरीचशी चर्चा त्यांच्यातल्या तफावतीवर उभी आहे. या कार्डावरील एडी102 चिपमध्ये 76.3 अब्ज ट्रान्झिस्टर आहेत. चिपमधील 144 पैकी 128 स्ट्रीमिंग मल्टिप्रोसेसर (गणनेचे गट) या कार्डात चालू ठेवलेले आहेत आणि त्यांतून 16,384 कुडा कोअर (गणना करणारे घटक) मिळतात. सिंगल प्रिसिजनमधील (32 बिटांच्या संख्यांवरील) कमाल गणनक्षमता सुमारे 82.6 टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला 82.6 लाख कोटी क्रिया, आहे. 2020 च्या आरटीएक्स 3090 मध्ये ती सुमारे 35.6 टेराफ्लॉप होती. म्हणजे गणनक्षमता 2.3 पट झाली. मेमरीची बँडविड्थ (माहिती वाहून नेण्याचा वेग) मात्र सेकंदाला 936 गिगाबाइटवरून 1,008 गिगाबाइटवर आली, म्हणजे जेमतेम 8 टक्के वाढली. साधा भागाकार केला तर असे दिसते की मेमरीतून आणलेल्या प्रत्येक बाइटमागे जवळजवळ 82 गणिती क्रिया झाल्या, तरच ही चिप पूर्ण क्षमतेने राबते. चार बाइटांची एक संख्या वाचली तर तिच्यावर सव्वातीनशेहून अधिक क्रिया व्हायला हव्यात. मोठ्या मॅट्रिक्सच्या गुणाकाराला हे साधते. किरणांच्या मागोव्याला ते कधीच साधत नाही.

न साधण्याचे कारण किरणशोधाच्या पद्धतीतच आहे. किरण दृश्यातील कोणत्या त्रिकोणाला लागतो हे लवकर कळावे म्हणून सगळे त्रिकोण एकात एक बसणाऱ्या पेट्यांच्या झाडात रचलेले असतात. या रचनेला बाउंडिंग व्हॉल्यूम हायरार्की, थोडक्यात बीव्हीएच म्हणतात. किरण मुळापासून खाली उतरतो, पेटीला लागला तर आतल्या पेट्या तपासतो, नाही लागला तर ती फांदी सोडून देतो. प्रत्येक पायरीला पुढचा नोड, म्हणजे झाडातील पुढची पेटी, मेमरीतून आणावा लागतो, तो कुठे आहे हे आधीचा नोड वाचल्याशिवाय कळत नाही, आणि आणलेल्या नोडवर करायचे गणित अगदी थोडे असते. कॅमेऱ्यातून निघालेले शेजारशेजारचे किरण बहुधा एकाच फांदीने उतरतात, त्यामुळे एकाने आणलेला नोड दुसऱ्याच्याही उपयोगी पडतो. पहिल्या परावर्तनानंतर ही सोबत सुटते. खडबडीत भिंतीवर जवळजवळ पडलेल्या दोन किरणांपैकी एक छताकडे जातो, दुसरा खिडकीतून बाहेर पडतो आणि दोघांना झाडाची अगदी वेगवेगळी टोके गाठावी लागतात. अशा वेळी हजारो कोअर मेमरीची वाट पाहत उभे राहतात आणि टेराफ्लॉपचा आकडा कागदावरच राहतो.

3090 मध्ये एल2 कॅश 6 मेगाबाइटचा होता. 4090 मध्ये तो 72 मेगाबाइटचा, म्हणजे बारा पट आहे. मध्यम आकाराच्या दृश्यात बीव्हीएचचे वरचे सगळे थर आणि खालचाही बराच भाग या कॅशमध्ये टिकून राहतो, म्हणून परावर्तित किरणांच्या टप्प्यात मेमरीपर्यंत जाण्याची वेळ कमी वेळा येते. माझ्या कामात या कार्डाचा वेग जिथे सर्वांत ठळकपणे जाणवला ती जागा हीच आहे. एकच दृश्य टप्प्याटप्प्याने मोठे करत नेले आणि प्रत्येक टप्प्याला प्रोफायलर (वेळ कुठे गेला हे मोजणारे साधन) चालवला, तर एका मर्यादेपर्यंत वेग हळूहळू कमी होतो आणि त्यापुढे एकदम खाली येतो. त्याच ठिकाणी एल2 मधील हिटचे (हवी ती माहिती कॅशमध्येच सापडण्याचे) प्रमाणही घसरलेले दिसते. बीव्हीएचचे नोड आखूड करण्याच्या किंवा त्यांची मेमरीतील मांडणी बदलण्याच्या पद्धतींवर काम करणाऱ्याने हा प्रयोग स्वतःच्या दृश्यांवर जरूर करावा, कारण या कार्डावर एखाद्या पद्धतीचा फायदा दृश्याच्या आकारानुसार दिसतो किंवा नाहीसा होतो. लहान दृश्यावर काढलेला निष्कर्ष मोठ्या दृश्याला लागू पडेल असे इथे मुळीच गृहीत धरता येत नाही.

दुसऱ्या गुणाचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एनव्हिडियाच्या जीपीयूमध्ये (ग्राफिक्स चिपमध्ये) 32 थ्रेडांचा एक वार्प, म्हणजे गट, असतो आणि वार्पमधील थ्रेड एका वेळी एकच सूचना पार पाडतात. किरण पृष्ठभागाला लागल्यावर एका थ्रेडला काचेचा शेडर (पृष्ठभागाचा रंग ठरवणारा कोड) लागतो, दुसऱ्याला कापडाचा, तिसऱ्याला धातूचा. मग वार्प हे तिन्ही शेडर एकामागून एक चालवतो आणि प्रत्येक वेळी बाकीचे थ्रेड रिकामे बसतात. टिमो आयला आणि सामुली लाइने यांनी 2009 मध्ये जीपीयूवरील किरणशोधाच्या कार्यक्षमतेचे बारकाईने मोजमाप मांडले, आणि 2013 मध्ये लाइने, तेरो कर्रास व आयला यांनी पाथ ट्रेसर एका मोठ्या कर्नलमध्ये (जीपीयूवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) लिहू नये, त्याचे लहान लहान कर्नल करून मधल्या रांगांत सारख्या मटेरियलचे किरण एकत्र आणावेत, असे दाखवून दिले. वेव्हफ्रंट या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत नंतर अनेक रेंडररांनी स्वीकारली. तिला किंमतही मोजावी लागते. प्रत्येक मार्गाची सगळी अवस्था, म्हणजे त्याचा उगम, दिशा, आतापर्यंत साठलेला प्रकाश, यादृच्छिक संख्यांची स्थिती, दर टप्प्याला मेमरीत लिहून पुन्हा वाचावी लागते. आणि बँडविड्थ किती अपुरी आहे हे वर पाहिलेच आहे. शिवाय कोड लांबतो आणि त्यातील चुका शोधणे अवघड होते.

आरटीएक्स 4090 मधील शेडर एक्झिक्युशन रीऑर्डरिंग ही सोय नेमकी इथे मदतीला येते. किरण कुठे लागला हे कळल्यानंतर आणि शेडर चालण्यापूर्वी प्रोग्रामर एक सूचना देतो, आणि हार्डवेअर थ्रेडांची अशी फेरमांडणी करते की सारखे काम असलेले थ्रेड एकाच वार्पमध्ये येतात. कोणत्या गोष्टीवरून साम्य ठरवायचे यासाठी प्रोग्रामरला स्वतःचा संकेतही जोडता येतो. मार्ग पुढे चालणार आहे की इथेच संपणार आहे, एवढा एका बिटचा संकेत जोडला तरी मोठ्या लांबीच्या मार्गांत फरक जाणवतो. मी माझा वेव्हफ्रंट पद्धतीचा पाथ ट्रेसर पुन्हा एकसंध रूपात लिहिला आणि मटेरियल ठरल्यानंतरच्या जागी ही सूचना टाकली. कोड बराच आखूड झाला, वाचायला सोपा झाला आणि मटेरियलांची विविधता असलेल्या दृश्यांत वेगही वाढला. सगळीकडे एकच साधे मटेरियल असलेल्या दृश्यात मात्र फेरमांडणीचा खर्च उरतो आणि फायदा काहीच मिळत नाही. फेरमांडणीच्या क्षणी जिवंत असलेल्या, म्हणजे पुढे लागणाऱ्या, चलांची संख्या जितकी जास्त, तितका तिचा खर्च वाढतो, म्हणून सूचना कुठे द्यायची हा निर्णय मोजून घ्यावा लागतो. चांगल्या अर्थाने हा संशोधनाचा विषय आहे आणि हे कार्ड तो विषय हातात आणून देते. 2022 मध्ये ही सोय वापरण्यासाठी एनव्हिडियाच्याच खास एक्स्टेंशनांचा आधार घ्यावा लागत असे. 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने डीएक्सआर 1.2 हा किरणशोधाचा प्रोग्रामिंग इंटरफेस जाहीर करताना तिचा समावेश केला, त्यामुळे तिच्यावर घेतलेले कष्ट एका कंपनीपुरते राहणार नाहीत, असे आता म्हणता येते.

त्याच पिढीत आलेल्या दोन मायक्रोमॅपांचे नशीब मात्र वेगवेगळे निघाले. ओपॅसिटी मायक्रोमॅपमध्ये पानाफुलांसारख्या पारदर्शक कडांच्या त्रिकोणाचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकडा अपारदर्शक, पारदर्शक किंवा अनिश्चित अशी नोंद ठेवतात. पहिल्या दोन प्रकारांत शेडरला विचारण्याची गरजच पडत नाही. झाडीने भरलेल्या दृश्यात हे अतिशय उपयोगी आहे, आणि ही सोयही डीएक्सआर 1.2 मध्ये आली. दुसरी कल्पना डिस्प्लेस्ड मायक्रोमेशची. थोड्या त्रिकोणांवर उंचसखलपणाची आखूड नोंद ठेवून बारीक भूमिती उभी करायची, अशी ती कल्पना होती आणि ती मला मनापासून आवडली होती. पण एनव्हिडियाने पुढच्या पिढीत त्रिकोणांच्या क्लस्टरांवर आधारलेला वेगळा मार्ग धरला आणि व्हल्कन या ग्राफिक्स इंटरफेसमधील मायक्रोमेशचे एक्स्टेंशन कालबाह्य ठरवले गेले. ज्यांना आज भूमितीच्या संक्षेपावर नवे काम सुरू करायचे आहे, त्यांनी या कार्डातील मायक्रोमेशच्या सोयीवर काहीही बांधू नये.

आता अल्गोरिदमच्या बाजूने पाहू. पाथ ट्रेसिंग मॉन्टे कार्लो पद्धतीवर, म्हणजे यादृच्छिक सॅम्पल (नमुने) घेण्यावर, चालते आणि त्यातील नॉइज (चित्रातील ठिपकेदार खरखर) सॅम्पलांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. नॉइज निम्मा हवा असेल तर सॅम्पल चौपट लागतात. म्हणून एखाद्या कार्डाने सर्व अडथळे पार करून खरोखरच 2.3 पट सॅम्पल दिले, तरी तेवढ्याच वेळेत मिळणाऱ्या चित्रातील नॉइज फक्त दोन तृतीयांशावर येतो. जिम काजिया यांनी 1986 मध्ये प्रकाश दृश्यात कसा पसरतो हे सांगणारे रेंडरिंग समीकरण मांडले तेव्हापासून हे गणित बदललेले नाही आणि कोणतीही चिप ते बदलू शकत नाही. 3840 गुणिले 2160 च्या चित्रात जवळजवळ 83 लाख पिक्सेल असतात. सेकंदाला 60 फ्रेम दाखवायच्या तर पिक्सेलमागे एकच किरण सोडला तरी सेकंदाला सुमारे 50 कोटी किरण होतात. चार परावर्तने घेतली आणि प्रत्येक ठिकाणी दिव्याकडे एक किरण सोडला, तर हा आकडा 400 कोटींवर जातो. एवढे करूनही पिक्सेलमागे सॅम्पल एकच मिळते.

म्हणूनच या कार्डावर सर्वांत समाधान देणारे काम मला पुनर्वापराच्या अल्गोरिदमांचे वाटते. बेनेडिक्ट बिटर्ली आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये मांडलेली रेस्टिर ही पद्धत शेजारच्या पिक्सेलांनी आणि आधीच्या फ्रेमने निवडलेले चांगले सॅम्पल रिझर्व्हॉयरमध्ये (छोट्या साठ्यात) साठवून पुन्हा वापरते. तिच्या निबंधात 34 लाख हलत्या प्रकाशमान त्रिकोणांची दृश्ये पिक्सेलमागे जास्तीत जास्त 8 किरणांत आणि फ्रेममागे 50 मिलिसेकंदांच्या आत रंगवून दाखवली आहेत, आणि तेही या कार्डाच्या जन्माआधीच्या हार्डवेअरवर. हाच अल्गोरिदम 4090 वर चालवताना फ्रेमच्या वेळेत जी जागा उरते, तिच्यात दृश्यमानता पुन्हा तपासणे, अप्रत्यक्ष प्रकाशाचे मार्गही पुनर्वापरात घेणे, पक्षपात दूर करणारे वजन नीट मोजणे, असे प्रयोग करता येतात. पूर्वी असे प्रयोग रात्रभर चालवून सकाळी चित्र पाहावे लागे. आता कॅमेरा फिरवत असतानाच चूक दिसते, आणि एखादी कल्पना का फसली हे समजण्याचा वेळ इतका कमी होतो की माणूस अधिक कल्पना तपासून पाहतो.

टेन्सर कोअरांविषयी, म्हणजे न्यूरल नेटवर्कचे गणित करणाऱ्या भागांविषयी, थोडक्यात सांगतो. एनव्हिडियाच्या ऑप्टिक्स लायब्ररीतला डीनॉइझर (नॉइज पुसणारा प्रोग्राम) या कार्डावर फार जलद चालतो आणि दृश्याची मांडणी करताना तो उपयोगीच आहे. पण सॅम्पलिंगच्या दोन पद्धतींची तुलना करताना तो बंदच ठेवावा, कारण तो नॉइजबरोबर दोन पद्धतींमधील फरकही पुसून टाकतो. मधल्या फ्रेम तयार करणाऱ्या डीएलएसएस 3 चा या कामाशी संबंध नाही. तयार केलेल्या फ्रेममध्ये प्रकाशाचे एकही नवे सॅम्पल नसते.

आता दोषाकडे येतो, आणि तो मला मनापासून टोचतो. आरटी कोअर, म्हणजे किरणशोधाचा हार्डवेअर भाग, किरणाला बीव्हीएचमधून स्वतःच खाली उतरवतो. तो किती पेट्या तपासतो, कोणत्या क्रमाने तपासतो, नोडची मेमरीतील रचना कशी आहे, यातील काहीही जाहीर केलेले नाही. बीव्हीएच ड्रायव्हर बांधतो आणि तो बांधण्याची पद्धत ड्रायव्हरच्या आवृत्तीबरोबर बदलू शकते. आपण स्वतः सुचवलेली झाडाची रचना या हार्डवेअरवर चालवण्याचा मार्ग नाही. तिची तुलना करायची तर संपूर्ण किरणशोध सॉफ्टवेअरमध्ये लिहावा लागतो, आणि मग ती तुलना हार्डवेअरच्या किरणशोधाशी न्याय्य राहत नाही. प्रोफायलर आरटी कोअर किती व्यग्र होता एवढे सांगतो. तो कशात व्यग्र होता हे सांगत नाही. जर्मनीतील झारलांट विद्यापीठातील संशोधकांनी 2005 मध्ये 66 मेगाहर्ट्झच्या एफपीजीएवर (हवी तशी जुळवता येणाऱ्या चिपवर) किरणशोधाचे प्रोग्रामेबल यंत्र उभारले, तेव्हा त्याचा प्रत्येक भाग निबंधात उलगडून दाखवला होता. ज्या क्षेत्राची पायाभरणी अशा मोकळेपणाने झाली, त्या क्षेत्रातील इतके समर्थ साधन असे बंद असावे, हे अभ्यासाच्या दृष्टीने नुकसानकारक आहे. एएमडीच्या आरडीएनए 2 आणि आरडीएनए 3 या चिपरचनांमध्ये हार्डवेअर फक्त पेटी आणि त्रिकोण यांची तपासणी करते, झाडातून उतरण्याचे काम शेडरच्या कोडमध्ये होते आणि त्या सूचनासंचाची कागदपत्रे सर्वांना उपलब्ध आहेत. ही कार्डे पाथ ट्रेसिंगमध्ये मागे असली, तरी बीव्हीएचच्या रचनेवर काम करणाऱ्याला मी तीच सुचवीन. इंटेलच्या 2022 च्या आर्क कार्डांतही थ्रेडांची फेरमांडणी करणारा भाग आहे आणि त्यांचा लिनक्सवरील ड्रायव्हर खुला असल्यामुळे तोही पर्याय विचारात घेण्याजोगा आहे.

24 गिगाबाइटची मेमरी बहुतेक दृश्यांना पुरते, पण निर्मितीच्या पातळीवरच्या दृश्यांना पुरत नाही. वॉल्ट डिझ्ने ॲनिमेशन स्टुडिओजने 2018 मध्ये संशोधनासाठी खुले केलेल्या बेटाच्या दृश्यात इन्स्टन्सिंग (एकाच वस्तूच्या अनेक प्रती) उलगडल्यास 15 अब्जांहून अधिक मूलघटक आहेत. असे दृश्य या कार्डावर बसवणे हाच स्वतंत्र प्रकल्प होतो. 3090 मध्ये दोन कार्डे एनव्हीलिंकने जोडता येत होती, ती सोय 4090 मध्ये काढून टाकली गेली. त्याच चिपवर आधारलेल्या आरटीएक्स 6000 एडा कार्डात 48 गिगाबाइट मेमरी आहे, मात्र एनव्हीलिंक तिथेही नाही. डबल प्रिसिजनचा (64 बिटांच्या संख्यांचा) वेग सिंगल प्रिसिजनच्या चौसष्टाव्या भागाइतकाच आहे, म्हणून किरण-त्रिकोण छेदाच्या अचूकतेचे संदर्भउत्तर काढायचे असेल तर ते संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर काढलेले बरे.

मोजमापाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. हे कार्ड तापमान आणि विजेच्या मर्यादेनुसार आपला क्लॉक (चिपच्या ठोक्यांचा वेग) सतत बदलते. सुरुवातीच्या काळात मी एक सुधारणा वेगवान ठरल्याचे मानून पुढे गेलो होतो; नंतर लक्षात आले की तिची चाचणी कार्ड थंड असताना झाली होती आणि जुन्या पद्धतीची चाचणी कार्ड तापल्यावर. तेव्हापासून मी क्लॉक 2.52 गिगाहर्ट्झच्या जाहीर बूस्टपेक्षा खाली एका ठरावीक आकड्यावर बांधून ठेवतो, सुरुवातीच्या फ्रेम मोजणीतून वगळतो आणि दोन पद्धती आलटून पालटून चालवतो. कार्डाची विजेची मर्यादा 450 वॉट आहे. ती कमी केली तरी पाथ ट्रेसिंगचा वेग त्या प्रमाणात घटत नाही, कारण बराच वेळ मेमरीची वाट पाहण्यातच जात असतो. मूळ आवृत्ती 304 मिलिमीटर लांब असून तीन स्लॉटांची जागा घेते आणि 850 वॉटचा पॉवर सप्लाय लागतो. 16 पिनांचा कनेक्टर वितळल्याच्या बातम्या 2022 च्या अखेरीस आल्या होत्या आणि प्लग पूर्ण न बसणे हे त्याचे एक प्रमुख कारण सांगितले गेले. मला तसा त्रास झाला नाही, पण प्लग शेवटपर्यंत बसल्याची खात्री करावी आणि त्याच्या अगदी जवळ केबल वाकवू नये.

सॅम्पलिंग, पुनर्वापर, शेडरांची मांडणी किंवा वास्तव वेळेतील अप्रत्यक्ष प्रकाश यांवर काम करणाऱ्याला हे कार्ड मी निःशंकपणे सुचवतो. 2025 च्या आरंभी आलेल्या आरटीएक्स 5090 मध्ये 32 गिगाबाइट मेमरी, सेकंदाला 1,792 गिगाबाइटची बँडविड्थ आणि 96 मेगाबाइटचा एल2 कॅश आहे. गणनक्षमता मात्र सुमारे 105 टेराफ्लॉप आहे, म्हणजे बाइटमागे लागणाऱ्या क्रिया 82 वरून 58 च्या आसपास आल्या. मेमरीची उणीव कंपनीलाही दिसली होती, असे यावरून वाटते. ज्यांच्याकडे 4090 आहे त्यांनी नव्या कार्डाचा विचार करण्यापूर्वी आपल्या सर्वांत जड दृश्यावर प्रोफायलर चालवून पाहावा. एल2 मधील हिटचे प्रमाण घसरलेले असेल आणि मेमरी भरलेली असेल, तर नव्या कार्डाचा उपयोग होईल. वार्पमधील बहुतेक थ्रेड रिकामे दिसत असतील, तर आधी फेरमांडणीची सूचना आपल्या कोडमध्ये योग्य जागी आहे का, हे पाहावे.